दारू सुटली, पण हाताची थरथर का जात नाही?

दारू सोडून दोन महिने झालेले असतात. घरातली रात्रीची आदळआपट थांबलेली असते. वाण्याची उधारी फिटत आलेली असते. मुले पुन्हा वडिलांजवळ वह्या-पुस्तके घेऊन बसू लागलेली असतात. अशातच एके दिवशी घरी पाहुणे येतात, चहा होतो आणि गृहस्थांनी कपबशी हातात घेताच बशीत कप वाजू लागतो. पाहुणे दुसरीकडे बघतात. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पत्नीच्या पोटात गोळा येतो. पाहुणे गेल्यावर ती दबक्या आवाजात विचारते, ‘‘अहो, खरे सांगा, पुन्हा घेतलीत का?’’

‘‘अगं नाही. मुलांची शपथ,’’ असे म्हणून तो हात खिशात घालतो. तिचा विश्वास बसत नाही. आणि ‘एवढे करूनही माझ्यावर संशयच’ हे शल्य त्याच्या मनात घर करते.

दारू सोडलेल्या माणसाच्या घरी असा प्रसंग कधी ना कधी येतोच. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने देशव्यापी पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले होते. आणि अशा दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळत होता. बाकीचे सोडतात ते स्वतःच्या बळावर, घरच्यांच्या धाकाने किंवा पैसे संपले म्हणून. त्यामुळे सोडल्यानंतर शरीरात काय काय होते, हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दारू सोडल्यानंतर हात थरथरणे हा चोरून पिण्याचा पुरावा नव्हे. पुष्कळदा तो खरोखर सोडल्याचाच पुरावा असतो. मात्र ही थरथर लपवायची नसते, तिच्याकडे दुर्लक्षही करायचे नसते आणि एका घोटाने तर ती मुळीच थांबवायची नसते.

हात थरथरतो कशामुळे?

खरे पाहता प्रत्येकाचाच हात किंचित थरथरत असतो. दोन्ही हात समोर ताणून धरा आणि पंजांवर एक पातळ कागद ठेवायला सांगा. कागदाची कड हलताना दिसेल. ही थरथर निसर्गतःच असते, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. एरवी ती डोळ्यांना जाणवत नाही. भीती, राग, जागरण, उपास किंवा कडक कॉफी यांनी ती वाढते आणि मग दिसू लागते.

दारू मेंदूला सुस्त करते. मेंदूत काही रसायने शांत करण्याचे काम करतात, काही उत्तेजित करण्याचे. शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम दारू वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा परिणाम दाबून टाकते. रोज दारू मिळत राहिली, की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. सतत ब्रेक दाबलेल्या गाडीला पुढे नेण्यासाठी चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय वाढवत न्यावा, तसे हे असते. मग एके दिवशी दारू थांबते, म्हणजे ब्रेक अचानक सुटतो, पण ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. छातीत धडधडते, घाम सुटतो, झोप उडते, माणूस क्षुल्लक आवाजाने दचकतो आणि हात थरथरू लागतात.

हे सारे दारूच्या विषामुळे नव्हे तर दारू थांबल्यामुळे होते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही उशिरा पटली. झटके आणि भ्रम यांसह येणाऱ्या अशा भयंकर अवस्थेला इंग्रज डॉक्टर थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणजे ‘थरथरता भ्रम’ असे नाव दिले. पण तिचे कारण पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे वादात राहिले. कोणी कुपोषणाला दोष देत होते, कोणी दारूतल्या भेसळीला. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. चांगले खायला घालून, पण रोज भरपूर दारू देऊन ठेवलेल्या माणसांची दारू एकदम बंद केल्यावर त्यांना थरथर, फिट्स आणि भ्रम असे सगळे झाले. त्यानंतर हा वाद बव्हंशी मिटला.

‘उतारा’ नावाचा सापळा

पिणाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘उतारा’. रात्रीची उतरली, सकाळी हात कापायला लागले, की थोडीशी घ्यायची आणि हात स्थिर करायचे. आणि यात फसवी गोष्ट अशी, की उताऱ्याने हात खरेच स्थिर होतात, तेही थोड्याच वेळात. सुटलेला ब्रेक पुन्हा दाबला गेलेला असतो. म्हणून माणसाला वाटते, की दारू हेच आपले औषध आहे. पण काही तासांनी तीच थरथर परत येते आणि या वेळी तिला शांत करायला थोडी जास्त लागते.

दारूची सवय व्यसनापर्यंत पोचली आहे का, हे ओळखण्यासाठी जगभरचे डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. अमेरिकेतील डॉ. जॉन युइंग यांनी तयार केलेली ही प्रश्नावली १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘सकाळी उठल्याउठल्या मन थाऱ्यावर आणण्यासाठी किंवा रात्रीच्या नशेचा त्रास घालवण्यासाठी तुम्ही कधी दारू घेतली आहे का?’ हा त्यातला शेवटचा प्रश्न. म्हणजे उतारा घेणे ही व्यसनाची एक मोठी खूण आहे.

या संदर्भात एका सर्जनची हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. तिथले डॉ. रॉबर्ट स्मिथ शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि वर्षानुवर्षे दारूच्या आहारी गेलेले होते. १९३५ मध्ये त्यांची भेट बिल विल्सन या दारू सोडलेल्या गृहस्थाशी झाली आणि त्यांनी दारू सोडली. पण थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले असताना ते पुन्हा प्यायले. परत आले तेव्हा तीन-चार दिवसांवर एक शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि हात तर थरथरत होते. बिल त्यांच्याच घरी राहत होता. शस्त्रक्रियेच्या सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून त्याने डॉक्टरांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची दारू ठरली. तो दिवस १० जून १९३५ हा होता असे मानले जाते आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही जगभर पसरलेली संघटना तोच आपला स्थापना दिन मानते. डॉ. स्मिथ पुढे १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, दारूपासून दूर राहिले.

या गोष्टीतून ‘मग एक बिअर चालते की’ असा अर्थ कोणी काढू नये. त्या काळी या थरथरीवर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज ते आहेत. घेण्यासारखी गोष्ट ही, की ज्याची सारी प्रतिष्ठा हातांच्या स्थैर्यावर उभी होती त्या सर्जनचेही हात थरथरत होते आणि तरीही त्याची दारू सुटली.

पहिले चार दिवस धोक्याचे

नियमित आणि भरपूर पिणाऱ्याने दारू थांबवली, की साधारण ६ ते ८ तासांनी थरथर सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि बहुतेकांच्या बाबतीत आठवडाभरात बरीच ओसरते. पहिल्या ४८ तासांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थोड्या जणांना तो ‘थरथरता भ्रम’ होतो. ताप येतो, भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, अंथरुणातून उठून पळू लागतो. अशा वेळी ‘बाहेरचे काही झाले’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नका. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात मृत्यूही होऊ शकतो.

म्हणूनच ज्याला सकाळी उताऱ्याशिवाय चालत नाही, ज्याला पूर्वी फिट आलेली आहे, ज्याला यकृताचा किंवा हृदयाचा विकार आहे, अशा माणसाची दारू घरच्या घरी, खोलीला कडी लावून एकदम बंद करू नये. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे. तिथे शांत करणारी औषधे ठरावीक मात्रेत देऊन ती काही दिवसांत कमी करत बंद करतात. सोबत ‘ब-१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दिले जाते. बरीच वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात याची कमतरता असते. ती तीव्र झाली तर गोंधळल्यासारखे होणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना तोल जाणे असा गंभीर विकार होतो आणि स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

महिने उलटले तरी थरथर राहिली तर?

सुरुवातीचा धोका टळला, दारूही सुटली, तरी काहींची थरथर रेंगाळते. अनेक वर्षे दारूशी जुळवून घेतलेला मेंदू पूर्वपदावर यायला वेळ घेतो. या काळात झोप तुटक लागते, मन अस्वस्थ असते, चिडचिड होते आणि हातही थोडे कापतात. हे काही आठवडे, क्वचित काही महिने चालू शकते. त्यात चढउतार होतात, पण महिन्यामागून महिना पाहिला तर कल उताराचाच असायला हवा.

थरथर कमी होतच नसेल किंवा वाढत असेल, तर तिचे मूळ दुसरीकडे असू शकते. ‘दारूमुळेच असेल’ असे म्हणून बसून राहणे हे घरच्यांचे आणि कधीकधी डॉक्टरांचेही नुकसानकारक गृहीतक ठरते. काही कारणे पाहू.

आनुवंशिक कंप : कपातला चहा, लिहिणे, सुईत दोरा ओवणे अशा कामाच्या वेळी दोन्ही हात थरथरतात. कधी मान किंवा आवाजही कापतो. आई-वडिलांना, आजोबांना असाच त्रास असल्याचे पुष्कळदा आढळते. या कंपाचे वैशिष्ट्य असे, की थोड्याशा दारूने तो अनेकांच्या बाबतीत तात्पुरता दबतो. म्हणजे काही लोक नकळत या कंपावर ‘औषध’ म्हणून पीत गेलेले असतात. दारू सुटली, की झाकलेला कंप उघडा पडतो. त्यावर वेगळे उपचार आहेत.

थायरॉईड ग्रंथीचे काम वाढणे : बारीक थरथर, धडधड, घाम, भूक असूनही वजन घटणे. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळते.

यकृताचा विकार : वाहतूक पोलीस गाडी थांबवताना धरतो तसे पंजे उभे धरले, की ते पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात, खाली पडतात आणि पुन्हा उठतात. सोबत झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, कावीळ किंवा पोटात पाणी असेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

लहान मेंदूची झीज : हात स्थिर असताना ठीक असतो, पण वस्तू घ्यायला पुढे केला, की वस्तूजवळ पोचता पोचता जास्त हलतो. पाय फाकवून चालावे लागते, तोल जातो. दीर्घकाळच्या दारूने हे होते. दारू बंद राहिली तर बिघाड पुढे जाण्याचे थांबते आणि थोडीफार सुधारणाही होऊ शकते. चालू राहिली तर मात्र वाढतच जाते.

कंपवात : म्हणजे पार्किन्सनचा विकार. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो, बहुधा एका बाजूने सुरुवात होते आणि हालचाली मंदावतात.

औषधे : दम्याचे पंप आणि काही गोळ्या, सर्दीची काही औषधे, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मनोविकारावरील लिथियम, नैराश्यावरील काही औषधे यांनी हात कापू शकतो. ही औषधे आपल्या मनाने बंद करू नका. पण आपण काय काय घेतो याची यादी डॉक्टरांना जरूर दाखवा.

साखर कमी होणे : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचा हात कापू लागला, घाम सुटला, भूक लागली, तर आधी साखर तपासा.

पुष्कळदा एकाच माणसात यांतली दोन-तीन कारणे एकत्र असतात. म्हणून दारू सोडल्यावर सहा-आठ आठवड्यांनंतरही हात लक्षात येण्याजोगा थरथरत असेल, तर एकदा नीट तपासणी करून घ्यावी.

दुरेघी वहीचा उपयोग

डॉक्टर ज्या दहा मिनिटांत तुम्हाला पाहतात, त्या वेळी हात जसा असेल तसाच त्यांना दिसतो. म्हणून घरी एक नोंद ठेवणे फार उपयोगी पडते. मुलांची असते तशी एक दुरेघी वही आणा. दर रविवारी, एकाच वेळी, नाश्त्यानंतर तिच्यात तारीख घाला. आपले पूर्ण नाव लिहा. एखादे साधे वाक्य लिहा. मग कोपर न टेकवता मधल्या बिंदूपासून बाहेर जाणारे, जिलेबीच्या वेढ्यांसारखे एक चक्र काढा. एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने. डॉक्टरही थरथर पाहण्यासाठी असेच चक्र काढायला लावतात.

शेजारी दोन ओळींत त्या आठवड्याची झोप, चहा-कॉफीचे कप आणि मनावरचा ताण यांची नोंद करा. दोन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहा. सुधारणा रोज दिसत नाही, पण वहीत दिसते. आणि सुधारणा होत नसेल तर तेही वहीतच कळते. मग वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

फॅमिली डॉक्टर साधारणपणे थायरॉईड, यकृत, साखर, रक्तातील क्षार यांच्या तपासण्या सांगतील. गरज वाटली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. त्यांच्यापासून दारूचा इतिहास लपवू नका. किती वर्षे, किती प्रमाणात आणि शेवटची कधी, एवढे खरे सांगितले तर निदान निम्मे सोपे होते.

गोळी घ्यावी का?

आनुवंशिक कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन ही औषधे दिली जातात आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ‘शेजाऱ्यांना गुण आला’ म्हणून प्रोप्रॅनोलॉल आणून घेणे धोक्याचे आहे. दमा असलेल्याचा दमा त्याने उसळतो. नाडी मंद असलेल्याला ते चालत नाही. मधुमेह्याची साखर घटल्याची लक्षणे ते झाकून टाकते.

डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्यांबद्दल अधिक सावध राहावे. दारू सोडतानाच्या पहिल्या दिवसांत अशा प्रकारच्या गोळ्या जीव वाचवतात. पण पुढे महिनोन्‌महिने ‘हात थांबतो म्हणून’ घेत राहिले, तर दारूच्या जागी गोळीची सवय लागते. आणि ती एकदम बंद केली, की पुन्हा तीच थरथर सुरू होते. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्यात आणि त्यांच्याच सांगण्याने कमी कराव्यात.

‘अशक्तपणा’ म्हणून बाटलीबंद टॉनिक घेण्यापूर्वी त्यावरचे लेबल वाचा. काही टॉनिकांत आणि खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असते. आसवे-अरिष्टे तर आंबवूनच तयार होतात. दारू सोडलेल्या माणसाने ती वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रोजच्या जगण्यातल्या युक्त्या

उपचार चालू असतात, तरी चहा प्यायचा असतो, दाढी करायची असते, सही करायची असते. छोट्या छोट्या बदलांनी बरेच सोपे होते.

• बशी नकोच. जड, मोठ्या कानाचा मग घ्या आणि तो अर्धाच भरा. कोपरे टेबलावर टेकवून दोन्ही हातांनी धरा. हलक्या वस्तूपेक्षा थोडी वजनदार वस्तू कमी हलते.

• जेवताना कोपर टेकवून बसा. पातळ आमटी, कढी वाटीत घेऊन प्यावी. हाताने भात कालवणे जड जात असेल तर जाड दांड्याचा चमचा वापरा.

• लिहायला बारीक रिफिलचे पेन नको. जाड पेन घ्या किंवा आहे त्या पेनाला रबर, कापडाची पट्टी गुंडाळा. अक्षरे मोठी काढा आणि सावकाश लिहा.

• पात्याच्या रेझरऐवजी विजेचे यंत्र वापरा. शर्टाची बटणे जमत नसतील तर सगळी न काढता वरची दोनच उघडून शर्ट डोक्यातून घाला.

• पूजेत पळी-पंचपात्र किंवा आरतीचे ताम्हण एका हाताने धरू नका. दोन्ही हातांनी धरा किंवा ते काम मुलांकडे द्या.

• चहा-कॉफी दिवसाला एक-दोन कपांवर आणा. दारू सुटल्यावर अनेकांच्या सिगारेटी आणि तंबाखू वाढतात. निकोटिननेही थरथर वाढते.

• उपाशी राहू नका. दोन जेवणांच्या मध्ये शेंगदाणे, फुटाणे, केळे असे काहीतरी खा. आहारात मोड आलेली कडधान्ये, तीळ, बाजरी, पालेभाज्या असू द्या. त्यांतून थायमिन आणि मॅग्नेशियम मिळते.

• झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवा. रोज अर्धा तास चाला. थरथर वाढली, की सावकाश श्वास घ्या आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

एक महत्त्वाची गोष्ट अशी, की हाताकडे जितके लक्ष द्यावे तितका तो जास्त थरथरतो. ‘आता सगळे बघणार’ या विचारानेच अंगातले ॲड्रेनलिन वाढते. म्हणून काही जण लग्नकार्याला, बैठकीला जाणेच टाळतात. त्यापेक्षा आधीच सहज सांगून टाकणे बरे : ‘‘माझा हात जरा कापतो, औषध चालू आहे. कप अर्धाच भरा.’’ सांगून टाकले, की लपवण्याचा ताण जातो आणि पुष्कळदा हातही शांत होतो.

कामधंदा आणि बँक

शिंपी, सोनार, न्हावी, घड्याळे दुरुस्त करणारा, वायरमन यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न असतो. थरथर सकाळी जास्त आणि दुपारी कमी, असा प्रत्येकाचा काही क्रम असतो. तो वहीतून शोधा आणि नाजूक काम त्या वेळेला ठेवा. बाकीच्या वेळी मापे घेणे, हिशेब, गिऱ्हाईक पाहणे अशी कामे करा. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः फिट येऊन गेली असेल तर, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाहन चालवू नये, उंचावर चढू नये आणि विजेच्या कामाला हात लावू नये.

सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत येणे हाही नेहमीचा मनस्ताप. सही बदलली असेल तर शाखेत जाऊन नमुना सही नव्याने देता येते. ज्यांना आजारपणामुळे सहीच करता येत नाही, अशांच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. त्यासाठी बँकेच्या माहितीतले दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?

दारूने होरपळलेल्या पत्नीला संशय येणे अगदी स्वाभाविक आहे. अनेक वर्षे तिने खोट्या शपथा ऐकलेल्या असतात. तिला ‘विश्वास ठेव’ असा नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही. पण संशयाचे माप हात असू नये. ज्याने आज घेतली आहे, त्याचा हात उलट स्थिर असण्याचीच शक्यता जास्त. हात पाहून भांडण काढले, तर त्याच्या मनात ‘न पिऊनही बोलणीच खायची, मग पिऊनच का खाऊ नयेत’ हा विचार यायला वेळ लागत नाही.

म्हणून दोघांनी शांतपणे बसून एक नियम ठरवावा. शंका आली तर तिने एकदाच, सरळ विचारावे. त्याने न चिडता खरे उत्तर द्यावे. तोंडाचा वास घेणे, खिसे उलटे करणे, मुलांना पाळतीवर ठेवणे बंद करावे. डॉक्टरांच्या भेटीला तिनेही सोबत जावे, म्हणजे थरथरीचे कारण तिला त्यांच्याच तोंडून कळेल. मुलांनाही समजेल अशा शब्दांत सांगावे, ‘‘बाबांचे शरीर बरे होते आहे. त्याला वेळ लागतो.’’ चारचौघांत ‘नीट धरा ना!’ असे ओरडू नये आणि दुसऱ्या टोकाला जाऊन घासही भरवू नये. सांडले तर पुसून घ्यावे आणि पुढचे बोलावे.

जेवणात न सांगता मिसळायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पुड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. त्यात काय असते ते कळत नाही. काही औषधे दारूबरोबर पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. आणि अशी फसवणूक उघडकीस आली, की घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

पिणारी व्यक्ती स्त्री असेल, तर ही सारी अवघड वाट ती बहुधा एकटीने चालते. तिची थरथर ‘अशक्तपणा’ किंवा ‘बीपी’च्या नावाखाली झाकली जाते. बदनामीच्या भीतीने तिला डॉक्टरांकडे नेलेच जात नाही. तिलाही त्याच तपासण्यांची, त्याच उपचारांची गरज असते.

मदत कुठे मिळेल?

पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने सुरू केले. तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये उभारलेली टी. टी. रंगनाथन संस्था, बंगळुरूची ‘निमहान्स’, दिल्लीच्या ‘एम्स’चे गाझियाबाद येथील केंद्र अशा संस्था देशाच्या निरनिराळ्या भागांत आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही उपचार मिळतात. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा अनेक शहरांत भरतात आणि तिथे पैसे द्यावे लागत नाहीत. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’चे गट आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.

अशा सभेत गेल्यावर एक वेगळाच दिलासा मिळतो. तिथे चहाचा कप हलला तर कोणी टक लावून पाहत नाही आणि कोणी नजरही वळवत नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे हात कधीकाळी असेच हलत होते.

अनेक वर्षांनी बिघडवलेले शरीर आठ दिवसांत दुरुस्त होत नाही. बहुतेकांची थरथर काळाबरोबर कमी होते. काहींची औषधाने आटोक्यात येते. थोड्यांना ती थोडीफार कायमची सोबत करते आणि तरीही ते नोकरी करतात, मुलांची लग्ने करतात, नातवंडांना खेळवतात. हात पूर्ण स्थिर झाल्यावरच आपण बरे झालो, अशी अट स्वतःला घालू नका. दारू न घेता गेलेला प्रत्येक दिवस हा बरे होण्याचाच दिवस आहे, हात थरथरत असला तरीही.